वाचक विचारतात : चार्जर बसतो, मग बंद का पडतो?

विजेवरच्या मोटारींबद्दल आलेल्या पत्रांत गाडीपेक्षा चार्जरच्याच तक्रारी जास्त आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र करून, त्यांतल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मुंबई-गोवा महामार्गावर आमचं हॉटेल आहे, मागे आठ खोल्या आहेत. एक विक्रेता ६० किलोवॅटचा दोन गनचा (गन म्हणजे गाडीला लावायचं तोंड) चार्जर घ्या म्हणून मागे लागला आहे. जागा भरपूर आहे. आणखी काय लागेल? आणि पैसे सुटतील का?
(वाचक, संगमेश्वर)

चार्जरचं माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि आधी डीपी, म्हणजे तुम्हाला वीज देणारं रोहित्र, बघा. ६० किलोवॅट बाहेर द्यायचे तर यंत्र आत साधारण ६३ ते ६४ किलोवॅट ओढतं. ४१५ व्होल्टच्या थ्री फेजवर हे दर फेजला ९० अँपिअरच्या आसपास जातं. तुमच्या डीपीवर १०० केव्हीए लिहिलेलं असेल आणि तिच्यावर अर्धी वाडी, दोन पंप आणि तुमचंच हॉटेल असेल, तर एवढा भार तिच्यावर बसणार नाही. मग वेगळं रोहित्र, उच्चदाब वाहिनीचे खांब आणि त्याचा खर्च आला. बऱ्याचदा हा खर्च चार्जरच्या किमतीच्या निम्म्यावर जातो. विक्रेता त्याचं नाव काढत नाही, कारण तो त्याच्या बिलात येत नाही.

दुसरी गोष्ट फुकटात होण्यासारखी आहे. संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान वायरमनकडून तिन्ही फेजमधला दाब मोजून घ्या, आणि तोही चार-पाच दिवस. बहुतेक चार्जर ४१५ व्होल्टच्या दहा टक्के खाली-वर चालतात. म्हणजे दाब ३७० च्या आसपास उतरला की यंत्र ‘इनपुट अंडर व्होल्टेज’ दाखवून थांबणार. वाहिनीच्या शेपटाला असलेल्या गावांत नेमकं गिऱ्हाईक येण्याच्या वेळेला हे घडतं. ग्राहक मात्र चार्जर खराब आहे असंच समजतो.

आता जोडणी. चार्जिंग केंद्राला वीज विक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. पण हॉटेलच्या व्यावसायिक मीटरवरून चार्जर चालवू नका. महाराष्ट्रात विद्युत वाहन चार्जिंगसाठी वेगळी दरश्रेणी आहे, त्या श्रेणीत स्वतंत्र जोडणीचा अर्ज करा. रोहित्र आणि वाहिनी तुमच्या खर्चाने होणार असेल तर परवानाधारक ठेकेदाराकडून काम करून घेता येतं. महावितरणला त्यावर १.३ टक्के देखरेख शुल्क भरायचं असतं. रोहित्र चालू करण्यापूर्वी विद्युत निरीक्षकांची परवानगी लागते, ती ठेकेदाराच्या कामात लेखी घालून घ्या. नवी जोडणी महानगरांत ३ दिवसांत, इतर शहरांत ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत द्यायची, असा नियम तुम्ही वाचला असेल. तो नवा खांब किंवा रोहित्र लागत नसेल तेव्हाचा आहे. या १५ दिवसांच्या भरवशावर चार्जर मागवू नका. यंत्र येऊन ताडपत्रीखाली पडून राहतं आणि हमीची मुदत कारखान्यातून माल निघाल्यापासून मोजली जाते. वीज येईपर्यंत हमीचे पाच-सहा महिने संपलेले असतात.

अर्थिंगबद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण कोकणात निम्मे घोटाळे तिथेच होतात. जांभ्यात किंवा कातळावर घेतलेला अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात छान रीडिंग देतो आणि मार्च-एप्रिलमध्ये कोरडा पडतो. रोध वाढतो, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये काही व्होल्ट दिसायला लागतात आणि चार्जर ‘ग्राउंड फॉल्ट’ म्हणून गाडीला वीज द्यायचं नाकारतो. त्याचं ते वागणं बरोबरच आहे. चार्जरच्या अंगाला दोन स्वतंत्र अर्थिंग घ्या, रोहित्राच्या न्यूट्रलचं अर्थिंग वेगळं ठेवा, आणि मोजणी मे महिन्यात करा. जुलैतलं रीडिंग धरून बसू नका. खड्ड्यावर झाकण आणि पाणी घालायला नळी हवी. मुख्य पॅनेलमध्ये १२५ अँपिअरचा एमसीसीबी (मोठा ब्रेकर) आणि विजेच्या लाटेपासून वाचवणारं एसपीडी हवंच. वळवाच्या एका विजेत चार्जरचं कंट्रोल कार्ड जातं आणि ते स्थानिक बाजारात मिळत नाही. एसपीडीच्या खिडकीचा रंग हिरव्याचा लाल झाला की त्याची काडतुसं बदलायची. हे पाहण्याचं काम कोणाकडे तरी नेमून द्या. पॅनेलपासून चार्जर तीस-चाळीस मीटरवर असेल तर ७० चौरस मिलिमीटरची आर्मर्ड अॅल्युमिनियम केबल चालते, अंतर वाढलं तर दाबाची घट मोजून पुढची जाडी घ्या. चौथरा अंगणाच्या पातळीपासून किमान दीड फूट उंच ठेवा.

पैशाचं गणित मांडू. आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमचे घालून पाहा. युनिटला २० रुपये घेतले, तर त्यातून १८ टक्के जीएसटी वजा जाता १६ रुपये ९५ पैसे उरतात. वीज ९ रुपयांनी पडत असेल आणि यंत्रात सहा टक्के वाया जात असतील, तर विकलेल्या युनिटमागे साडेनऊ रुपये गेले. सॉफ्टवेअर, पेमेंट, सिमकार्ड, देखभाल धरून दोन रुपये. हातात राहिले साडेपाचच्या आत-बाहेर. रोहित्रासकट बारा लाख घातले असतील तर ते निघायला सुमारे २ लाख १८ हजार युनिट विकले गेले पाहिजेत. रोज १०० युनिट, म्हणजे चार-पाच गाड्या, धरल्या तर सहा वर्षं. रोज २०० युनिट गेले तर तीन वर्षं. गणपतीतल्या आणि मेच्या सुट्टीतल्या रांगा पाहून सरासरी काढू नका, भर पावसातल्या एखाद्या मंगळवारी महामार्गावर बसून गाड्या मोजा.

आमचं मत विचाराल तर तुमच्याकडे ६० किलोवॅटची घाई नको. जेवायला पाऊण तास थांबणाऱ्या गाडीत ३० किलोवॅटचा चार्जर २२ युनिट घालतो. छोट्या मोटारीला त्यात १३० ते १५० किलोमीटर मिळतात. त्याला दर फेजला ४५ अँपिअर पुरतात, कदाचित आहे त्या डीपीवरही भागेल. आणि मुक्कामी खोल्यांसाठी ७.४ किलोवॅटचे, टाइप २ सॉकेटचे दोन एसी, म्हणजे संथ चार्जिंगचे, पॉइंट वेगवेगळ्या फेजवर टाका. पाहुणा झोपतो, गाडी रात्रभरात भरते, यंत्र स्वस्त, आणि बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नसतं. मात्र केबलची नळी आणि चौथरा आत्ताच ६० च्या मापाचा करा.

प्रश्न : पावसाळ्यात दोन वेळा असं झालं. गन लावली, अॅपवर ‘कनेक्टेड’ आलं, चार्जिंग मात्र सुरू होईना. शेजारच्या चार्जरवर तीच गाडी लगेच सुरू झाली. दोष कोणाचा?
(वाचक, पनवेल)

शेजारी चालली म्हणजे गाडी बहुधा निर्दोष आहे. गन लावल्यावर वीज लगेच वाहत नाही, आधी गाडी आणि चार्जर यांचं बोलणं होतं. सीसीएस २ च्या, म्हणजे नव्या मोटारींच्या जलद डीसी चार्जिंगच्या, गनकडे नीट पाहा. खाली दोन जाड संपर्क असतात, ते डीसीचे. वर सात भोकांची गोल जागा असते, पण डीसी गनमध्ये तिथे तीनच भरलेली असतात: मधलं अर्थ, आणि वरच्या बाजूला सीपी आणि पीपी हे दोन बारीक. पीपीवरून गन बसली की नाही ते कळतं, सीपीवरून सगळी बोलाचाली होते. या बारीक संपर्कात माती, पाणी किंवा हिरवट गंज असेल तर ‘कनेक्टेड’ दिसतं आणि पुढे काही होत नाही.

बोलणं जमलं की गाडी गनला कुलूप लावते, टक असा आवाज येतो. मग चार्जर केबलमध्ये दाब चढवून दोन्ही तारांतून अर्थकडे गळती होते का ते तपासतो. या वेळी गाडीच्या बॅटरीचे संपर्क उघडेच असतात. पावसात उताणी पडलेली गन आतून ओली असली की इथेच ‘इन्सुलेशन फॉल्ट’ येतो. तपासणी पार पडली तर चार्जर बॅटरीच्या दाबाशी आपला दाब जुळवून घेतो, गाडी संपर्क बंद करते, आणि मग प्रवाह सुरू. सगळ्याला अर्धा-एक मिनिट लागतं. त्याच्या आत घाई करून अॅपवर पुन्हा पुन्हा ‘स्टार्ट’ दाबलं तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

करायचं असं: गाडी पार्कमध्ये, बंद. गन झटकून कोरड्या फडक्याने तोंड पुसा, आत बोट किंवा पिन घालू नका. पूर्ण दाबून बसवा आणि पहिलं मिनिटभर केबलचं वजन हाताने उचलून धरा. जड केबलने गन खाली ओढली जाते आणि नेमका सीपीचा संपर्क सैल होतो. झिजलेल्या गनवर या एका युक्तीने बरंच काम होतं. तरीही नाहीच झालं तर दुसरी गन बघा.

आणि यंत्राचा पडदा काळा असेल, तर आधी त्याच्या अंगावरचं लाल मशरूमसारखं बटण पाहा. कोणीतरी रागाने किंवा पोराने गंमत म्हणून दाबलेलं असतं आणि चार्जर दोन-दोन दिवस ‘बंद’ असतो. कंपनीला फोन करा, त्यांनी हो म्हटलं की बाणाच्या दिशेने फिरवा, ते वर येतं. ‘रीस्टार्ट होईल’ म्हणून हे बटण स्वतः कधीच दाबू नका. चालू प्रवाहात दाबलं तर आतला कॉन्टॅक्टर (प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) ठिणगीने जळू शकतो.

प्रश्न : चार्जरवर १२० किलोवॅट लिहिलेलं, माझ्या गाडीला मिळाले जेमतेम ३०. ही फसवणूक नाही का?
(वाचक, नाशिक)

बहुतेक वेळा नाही. १२० हा सगळ्या यंत्राचा आकडा आहे. शेजारच्या गनवर गाडी असेल तर तो वाटला जातो. शिवाय गनला अँपिअरची मर्यादा असते. तुमच्या गाडीची बॅटरी ३२० व्होल्टच्या आसपासची असेल आणि गन १०० अँपिअरवर बांधलेली असेल, तर ३२० गुणिले १०० म्हणजे ३२ किलोवॅटच मिळणार. मग यंत्रावर काहीही लिहिलेलं असो. महिंद्राच्या बीई ६ ची ७९ युनिटची बॅटरी १७५ किलोवॅटपर्यंत घेते, टियागोसारखी छोटी गाडी त्याच्या जवळपासही जात नाही. ८० टक्क्यांपुढे तर कोणतीही गाडी हात आखडताच घेते.

एक शक्यता मात्र तपासण्यासारखी आहे. यंत्राच्या पोटात बहुधा ३०-३० किलोवॅटचे मॉड्यूल, म्हणजे वीज रूपांतर करणारे सुटे खण, असतात. त्यातले दोन मेले तरी चार्जर चालूच दिसतो, फक्त अर्धा. मोठी बॅटरी असलेली गाडी, चार्ज ३० टक्के, शेजारी कोणी नाही, आणि तरी प्रत्येक वेळी नेमका अर्धा किंवा पाव आकडा मिळतो, असं असेल तर तक्रार करा आणि तक्रारीत ‘मॉड्यूल बंद’ हा शब्द घाला. विदर्भात एप्रिल-मेमध्ये याचंच दुसरं कारण असतं. धुळीने जाळी बुजते, पेटी तापते आणि यंत्र स्वतःच शक्ती कमी करतं. कोरड्या दिवसांत दर महिन्याला जाळी काढून झटकायची असते. सर्वांत स्वस्त देखभाल, आणि सर्वांत कमी होणारी.

प्रश्न : माझ्या फोनमध्ये चार्जिंगची सात अॅप्स आहेत आणि चार वॉलेटमध्ये पैसे अडकून पडले आहेत. यूपीआयसारखं एकच का नाही?
(वाचक, ठाणे)

चार्जर आपल्या कंपनीच्या सर्व्हरशी ‘ओसीपीपी’ नावाच्या भाषेत बोलतो. ती बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. अडतं ते पुढे. या कंपनीच्या सर्व्हरने त्या कंपनीच्या ग्राहकाला ओळखायचं आणि हिशेब नंतर मिटवायचा, त्यासाठी करार लागतो. अडचण तांत्रिक कमी आणि धंद्याची जास्त आहे. आगाऊ भरलेलं वॉलेट हे कंपनीसाठी बिनव्याजी भांडवल असतं, ते कोण सोडणार?

तोवर काय करायचं? ज्या अॅपमध्ये त्या-त्या वेळचे पैसे यूपीआयने भरता येतात ते आधी वापरा, आणि वॉलेटमध्ये एका खेपेपुरतेच टाका. नेहमीच्या दोन मार्गांवरच्या कंपन्यांची आरएफआयडी कार्डं (यंत्राला टेकवून चार्जिंग सुरू करायची) घेऊन ठेवा. घाटात चार्जरचं सिम आणि तुमचा फोन दोन्हींची रेंज जाते, तेव्हा अॅपची आज्ञा चार्जरपर्यंत पोचतच नाही. यंत्राच्या स्थानिक यादीत तुमचं कार्ड असेल तर चार्जर रेंजविना सुरू होतो. पैसे कापले गेले आणि वीज मिळाली नाही, तर यंत्राच्या पडद्याचा, त्यावरच्या मीटर रीडिंगचा आणि अॅपमधल्या सेशन क्रमांकाचा फोटो तिथल्या तिथे काढा. नंतर फक्त ‘पैसे गेले’ म्हणून भांडायला आधार राहत नाही.

प्रश्न : आमच्या पालिकेने वाहनतळात मोक्याची जागा एका कंपनीला चार्जरसाठी दिली. फीत कापली गेली. वर्षभरात यंत्र चालू कमी आणि बंद जास्त. पुढच्या निविदेत काय घालावं?
(नगरपरिषद सदस्य, सातारा जिल्हा)

निविदा ‘चार्जर बसवण्याची’ होती, म्हणून चार्जर बसला. पुढची निविदा चालू ठेवण्याची काढा. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी आणि ७२,३०० चार्जरचं लक्ष्य ठेवलेलं आहे, त्यामुळे बसवायला लोक मिळतीलच. त्यानंतर तिथे कोण फिरकणार, ते करारात लिहून घ्या.

उपलब्धता दर गनमागे मोजायची, दर यंत्रामागे नाही. एक गन तुटलेली असेल तर यंत्र ‘चालू’च मोजलं जातं. ९७ टक्के हा आकडा ऐकायला छान आहे, पण महिन्याला २२ तास बंद असा त्याचा अर्थ होतो, आणि ते २२ तास शनिवार-रविवारी आले तर? म्हणून सलग किती तास बंद चालेल तेही लिहा. सर्वांत मोठी पळवाट अशी की सर्व्हरला ठरावीक वेळाने ‘मी जिवंत आहे’ असा संदेश गेला की कंपनीच्या अहवालात यंत्र उपलब्ध असतं, मग गनची खिटी मोडलेली का असेना. त्याऐवजी शंभरपैकी किती वेळा गन लावल्यावर खरोखर चार्जिंग सुरू झालं, ते मागा. ही नोंद सर्व्हरवर असतेच. पालिकेच्या अभियंत्याला ती पाहण्यापुरतं लॉगिन द्यायचं, ही अट घाला.

सुटे भाग जिल्ह्यात ठेवायला लावा: केबलसह एक गन, एक पॉवर मॉड्यूल, डीसी कॉन्टॅक्टर, फ्यूज, पंखे, एसपीडीची काडतुसं. या सहा गोष्टींत नेहमीच्या बिघाडांतला बराचसा भाग उरकतो. गन परदेशातून यायची असेल तर दीड-दोन महिने सहज जातात. तांब्यासाठी केबल कापून नेण्याचे प्रकार होतात, तेव्हा दिवा आणि कॅमेरा कोणी लावायचा तेही ठरवा.

एक कलम आवर्जून घाला. चार्जर कोणत्या सर्व्हरशी बोलतो तो पत्ता आणि तो बदलण्याचा प्रशासक पासवर्ड सीलबंद पाकिटात पालिकेकडे जमा राहील. कंपनीने गाशा गुंडाळला तर दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरला तेच यंत्र जोडता येतं. पासवर्ड नसेल तर धडधाकट यंत्र भंगारात. वीजबिल कोणाच्या नावावर, हेही आधीच ठरवा. नुसतं उभं असलेलं यंत्र १०० वॅट ओढत असेल तरी महिन्याला ७२ युनिट होतात, आणि बिल थकलं की महावितरण यंत्र कोणाचं ते बघत नाही.

राहिली मोक्याची जागा. तीच चुकली आहे. दारालगतच्या पहिल्या जागेवर पेट्रोलची गाडी लागणारच, पाटी लावा की हिरवा रंग फासा. चार्जर वाहनतळाच्या मागच्या कोपऱ्याला न्या, उजेडात. ज्याला गरज आहे तो तिथवर जातो. काही गाड्यांचं चार्जिंगचं तोंड पुढे नाकाशी असतं, काहींचं मागच्या मडगार्डवर, आणि केबल असते पाचेक मीटर. म्हणून गाडी सरळही आणि उलटीही लावता आली पाहिजे. चार्जिंग संपल्यावर दहा मिनिटांनी थांबण्याचं शुल्क सुरू करा, रांग आपोआप हलते.

प्रश्न : माझी जुनी ई-व्हेरिटो आहे, जीबी/टी या जुन्या पद्धतीच्या गनची. शहरातले तसे चार्जर बंद पडत चाललेत. सीसीएस २ चं अॅडॉप्टर चालेल का?
(वाचक, पुणे)

भारत डीसी-००१ नावाचे ते १५ किलोवॅटचे चार्जर बंद पडले की सहसा कोणी दुरुस्त करत नाही. नव्या मोटारी सीसीएस २ च्या आहेत, त्यामुळे धंदा तिकडे. अॅडॉप्टरचा प्रश्न नुसत्या पिनांचा नाही. तुमची गाडी चार्जरशी ‘कॅन’ नावाच्या भाषेत बोलते, सीसीएस वर सांगितलेल्या सीपीच्या तारेवरून वेगळ्या भाषेत. मध्ये दुभाषा इलेक्ट्रॉनिक्स लागतं. नुसता पितळी तुकडा विकणाऱ्याच्या नादी लागू नका. घरचं संथ चार्जिंग धरून फिरण्याचा बेत आखा.

प्रश्न : सार्वजनिक चार्जर लांब, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये १६ अँपिअरचं सॉकेट घेतलं. चार महिन्यांत ते काळं पडलं.
(वाचक, कोल्हापूर)

गिझर वीस मिनिटं चालतो, गाडी आठ तास पूर्ण प्रवाह ओढते. साधं सॉकेट त्यासाठी नाही. स्क्रू सैल होतो, तिथे उष्णता होते, स्क्रू आणखी सैल होतो. निळं औद्योगिक सॉकेट लावा, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरपासून थेट ओढा, २० अँपिअरचा आणि ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा आरसीबीओ बसवा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. काळं पडलेलं सॉकेट आजच काढा.

प्रश्न : चार्जिंग केंद्र पूर्ण सौर ऊर्जेवर चालवता येईल का?
(वाचक, धाराशिव)

१ किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतात आणि शंभरेक चौरस फूट जागा घेतात. ६० किलोवॅटचे पॅनेल, म्हणजे सहा हजार चौरस फूट छत, दिवसाला २४० युनिट देतील, म्हणजे दहा-बारा छोट्या गाड्यांपुरते. पण ढग आला की ६० चे २० होतात, आणि गाडी तर त्याच क्षणी लावलेली असते. म्हणून महावितरणची जोडणी लागतेच, सौर फक्त तिचं बिल कमी करायला. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत चार्जिंग केंद्राला सरासरी पुरवठा खर्चाच्या (वीज कंपनीला युनिटमागे येणाऱ्या सरासरी खर्चाच्या) ०.७ पट आणि उरलेल्या वेळेत १.३ पट दर सांगितला आहे. तेव्हा आधी दुपारचा दर ग्राहकाला दोन-तीन रुपयांनी उतरवून बघा. गाड्या दुपारकडे सरकल्या तर मग पॅनेलवाल्याला बोलवा.